मोटारीच्या प्लगास मलम लावावे काय?

पेट्रोल अथवा सी. एन. जी. गॅसवर चालणारी गाडी ज्यांच्या दारी आहे, त्यांस ठिणगीचा प्लग बदलण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. अशा वेळी पुष्कळ मिस्त्री नव्या प्लगाच्या आट्यांस रुपेरी किंवा तांबूस रंगाचे दाट मलम फासतात. त्यास बाजारात अँटी-सीझ म्हणतात. वंगणात तांबे, ॲल्युमिनियम, निकेल अथवा ग्रॅफाइट यांची भुकटी कालवून ते केलेले असते, आणि आटे एकमेकांस धरून बसू नयेत हा त्याचा हेतू. हेतू उत्तम आहे; परंतु आजच्या प्लगांस ते लावावे काय, याचा विचार या लेखी करावयाचा आहे. डिझेलवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांस ठिणगीचा प्लग नसतोच, सबब केवळ ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांस हा प्रश्न पडणार नाही. मोटार, रिक्षा, मालाचा लहान टेम्पो आणि पेट्रोलचा फवारणीपंप ज्यांजकडे आहे त्यांनी मात्र पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा.

ही चाल पडली ती निष्कारण नव्हे. पूर्वी प्लगाचे कवच साध्या पोलादाचे, काळपट असे. त्यावर गंजरोधक मुलामा नसे. ते ॲल्युमिनियमच्या हेडात बसविले म्हणजे दोन निराळे धातू एकमेकांस भिडत, आणि उष्णता व ओल यांच्या योगाने तेथे क्षार धरून आटे जखडत. आमच्या उपनगरांतील मिस्त्र्यांचे हात ज्या गाडीवर वळले ती कुर्ल्याची होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तेथील कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या नमुन्यावरून ती बने, व पुढे ती प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर उरली नाही. तिच्या काळी लागलेली सवय मात्र उरली.

आजच्या बहुतेक प्लगांच्या कवचावर जस्ताचा किंवा निकेलचा मुलामा असतो. गंज व जखडणे या दोहोंपासून रक्षण करण्याचे काम तो मुलामाच करतो. एन. जी. के. ही जपानी प्लग-उत्पादक कंपनी आपल्या मुलामायुक्त प्लगांस हे मलम लावू नये असे स्पष्ट बजावते, कारण त्यायोगे पिळाच्या हिशेबात शेकडा २० पर्यंत फरक पडतो. सर्वच उत्पादकांचे मत याविषयी एक नाही, हेही सांगितले पाहिजे; परंतु आम्हांस एन. जी. के. चे म्हणणे सयुक्तिक वाटते.

याचे कारण असे. पान्यावर आपण जो जोर लावतो, त्यापैकी शेकडा ९० च्या आसपास भाग घर्षण जिंकण्यात खर्ची पडतो. आट्यांस ताण देण्यास उरतो तो दहावा हिस्सा. गाडीच्या आसाला ओंगण घातले म्हणजे तोच बैल तोच भार सहज ओढतो, तद्वत मलम लावलेला प्लग त्याच जोराने अधिक खोल ताणला जातो. हातास काहीच कळत नाही. पोलादी कवच ताणून लांबते, आतील चिनी मातीची नळी सैल होते, किंवा हेडाचे मऊ आटे सोलून निघतात. मलमाचा थेंब प्लगाच्या टोकाशी गेला तर त्यातील धातूच्या भुकटीमुळे ठिणगी चुकते ती निराळीच. आटे गेले तर पोलादी तारेचे वेटोळे बसवून ते पुन्हा करता येतात. पण कधी त्यासाठी सबंध हेड उतरावे लागते, आणि भाजी तोडून ठेवलेल्या दिवशी ते उतरले म्हणजे नुकसान केवळ मिस्त्र्याच्या बिलापुरते राहत नाही.

तेव्हा मलमापेक्षा पीळ बरोबर देण्याकडे लक्ष पुरवावे. वायसर असलेल्या १४ मि. मी. च्या प्लगास ॲल्युमिनियमच्या हेडात २.५ ते ३ किलोग्रॅम-मीटर पीळ पुरतो, म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी १० ते १२ किलो वजन टांगल्याइतका. १२ मि. मी. च्या प्लगास १.५ ते २, आणि १० मि. मी. च्या प्लगास १ ते १.२ इतकाच. पीळ मोजणारा पाना जवळ नसेल तर १४ मि. मी. चा नवा प्लग वायसर टेकेपर्यंत बोटांनीच फिरवावा, व मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. घड्याळाच्या तबकडीवर १२ पासून ६ ते ८ पर्यंत. आरंभ पान्याने कधीही करू नये. प्लग खोल विहिरीत असेल तर त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून तो फिरवावा; आटे तिरपे चढू लागले की नळी आपोआप घसरते. फार सैल प्लगही वाईट, कारण तो आपली उष्णता हेडास देऊ शकत नाही व तापून लाल होतो. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत प्लग लवकर झिजतो, म्हणून तेथे ही खबरदारी वारंवार घ्यावी लागते.

गोराई-मनोरीकडील खाऱ्या हवेचे काय, असे कोणी विचारील. प्लग नीट टेकला असता वायसराखालील आट्यांपर्यंत बाहेरची ओल पोचत नाही. गंजते ते बाहेरचे षट्कोनी डोके. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि. मी. पाऊस पडला, त्यासारख्या पुरात गाडी बुडाली तर प्रश्न आट्यांचा नसतो. विहिरीतील पाणी व गाळ हवेच्या झोताने काढून मग प्लग काढावेत, आणि ते काढल्यावाचून इंजिन फिरवू नये. सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही. पिस्टनचा दांडा वाकतो.

जुना प्लग निघत नसेल तर इंजिन पुरते निवू द्यावे, विहीर साफ करून गंज सोडविणारे तेल थोडे सोडावे, काही तास थांबावे आणि मग पाव फेरा मागे, पाव फेरा पुढे असे करीत काढावे. कवच काळे व मुलाम्याविना असेल, किंवा इंजिनाच्या पुस्तिकेतच तसे सांगितले असेल, तर मलम अवश्य लावावे. मात्र टोकाकडील पहिला आटा कोरडा ठेवावा व पीळ कमी द्यावा.

फवारणीपंपाचा प्लग हंगामात अनेकदा काढून घासला जातो. त्याचा वायसर आधीच दबलेला असतो, म्हणून त्यास नव्या प्लगासारखा अर्धा फेरा देऊ नये. बोटांनी टेकल्यावर फेऱ्याचा सुमारे बारावा हिस्सा, म्हणजे तबकडीवर एका अंकावरून पुढच्या अंकापर्यंत, एवढे वळण त्यास पुरते.