'पुट ऑफ'चा अर्थ कसा लागतो?

प्रश्न : 'पुट' कळते, 'ऑफ'ही कळते, पण दोन्ही एकत्र आले की अर्थ लागत नाही. अशी क्रियापदे कशी शिकावीत?
– एक विद्यार्थिनी, गुरुकुंज मोझरी

उत्तर : साध्या क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट' असा शब्द जोडला की अनेकदा तिसराच अर्थ तयार होतो. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. परकीयांना इंग्रजीत सर्वांत जड जाणारा भाग हाच, असे कोशकार सॅम्युअल जॉन्सनने आपल्या 1755च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. मराठीच्या 'उडवून लावणे'तही उडणे नसते की लावणे नसते.

'अप' जोडलेल्या क्रियापदांची लांबलचक यादी पाठ करणे हा सर्वांत निष्फळ मार्ग. ओळखीच्या घटनेवरचे पूर्ण वाक्य मात्र टिकते. तुमच्याच गावचे उदाहरण घ्या : संत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापला, तिथे 'सेट अप'. 1968 मध्ये ते निवर्तले, तिथे 'पास्ड अवे'. पुण्यतिथीला गावोगावचे लोक येतात, तिथे 'टर्न अप'. त्यांची मुक्कामाची सोय करणे म्हणजे 'पुट अप'. त्यालाच 'विथ' जोडले की अर्थ होतो सहन करणे.

खरी चूक होते ती शब्दक्रमात. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतात; सर्वनाम मात्र मध्येच बसते : 'पुट इट ऑफ'. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. ही जोडी फुटत नाही, म्हणून 'लुक आफ्टर हिम'. कोशात हे अर्थ मूळ क्रियापदाच्या नोंदीखाली, बहुधा शेवटी सापडतात. औपचारिक अर्जात 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन' अधिक शोभते.