सार्वजनिक उद्यानात चक्रव्यूहाची वाट

चक्रव्यूह म्हटला की अभिमन्यूचे स्मरण होते. आत शिरण्याची विद्या त्यास अवगत होती. बाहेर पडण्याची नव्हती. मात्र या लेखाचा विषय असलेल्या चक्रव्यूहात कोणीही अडकत नाही. भूलभुलैयात वाटा फुटतात व माणूस चुकतो. येथे वाट एकच असते. ती वळणे घेत मध्यापर्यंत जाते आणि त्याच वाटेने परत यावयाचे असते. त्यामुळे बालक, वृद्ध व अपंग व्यक्ती यांनाही तीवर निर्धास्तपणे चालता येते.

ही रचना प्राचीन आहे. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलमध्ये तेराव्या शतकातील 11 वलयांचा चक्रव्यूह आहे. त्याचा व्यास सुमारे 13 मीटर. वाट मात्र 260 मीटरांहून लांब! त्याच धर्तीवर कॅनडातील टोरांटो शहराने 2005 मध्ये एका सार्वजनिक उद्यानात चक्रव्यूह उभारला. आपल्याकडेही सोलापूर जिल्ह्यातील बोरामणी माळरानावरची 15 वलयांची दगडी रचना 2025 मध्ये प्रकाशात आली.

आखणी कशी करावी?

सात वलयांची पारंपरिक आकृती ठिपक्यांच्या रांगोळीइतकी सोपी आहे. प्रथम अधिक चिन्ह काढावे. त्याच्या चारही कोपऱ्यांत एकेक काटकोन काढावा. काटकोनाचे टोक मध्याकडे व भुजा बाहेरच्या बाजूस असाव्यात. बाहेरील चार कोपऱ्यांवर ठिपके द्यावेत. आता अधिक चिन्हाचे वरचे टोक उजवीकडील पहिल्या टोकास कमानीने जोडावे. त्यानंतर डावीकडील पुढचे टोक उजवीकडील पुढच्या टोकास जोडीत जावे. आठ कमानी झाल्या की आकृती पूर्ण होते.

चालणारा बाहेरून मोजता प्रथम तिसऱ्या वलयात शिरतो. मग दुसरे, पहिले, चौथे, सातवे, सहावे, पाचवे आणि शेवटी मध्य. मध्य जवळ आला असे वाटते, तोच वाट दूर नेते. चालण्यातील गंमत यातच आहे.

वाट 1 मीटर रुंद धरल्यास आकृतीची रुंदी सुमारे 15 मीटर होते. चाकांच्या खुर्चीसाठी वळणे याहून रुंद ठेवावीत.

घ्यावयाची दक्षता

रेषांच्या विटा जमिनीशी समतल बसवाव्यात; उंचवटा राहिल्यास ठेच लागते. पावसाचे पाणी वाहून जाईल असा उतार द्यावा. मध्यभागी बसण्यास ओटा असावा. खर्च करण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर फक्कीने आकृती आखून गावातील वृद्धांना व मुलांना तीवरून चालवून पाहावे. त्यांना जेथे अडचण होईल तेथे आखणी बदलावी.

एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. माळरानावर अशी जुनी दगडी रचना आढळल्यास तिचा एकही दगड हलवू नये व पुरातत्त्व विभागास कळवावे. नव्या उद्यानासाठी विटा पुष्कळ मिळतील. विस्कटलेली जुनी वाट मात्र पुन्हा जुळविता येणार नाही.