समेटापेक्षा निर्भयता मोठी

गडचिरोली

चि. भाचीस,

विवाह समुपदेशक म्हणून तू रुजू झालीस, आनंद वाटला. आता जो तो तुला सांगेल, "कसंही करून संसार वाचव." त्या आग्रहाला बळी पडू नकोस. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यानेही समेटाचा प्रयत्न सांगितला आहे तो प्रकरणाचं स्वरूप पाहून, शक्य असेल तिथेच. नवराबायको दोघांनाही न भिता आपलं मन सांगता यावं, हे तुझं पहिलं काम.

म्हणून पहिली भेट दोघांची वेगवेगळी घे. नातेवाइकांना बाहेर बसव. बाई फक्त माडिया भाषा बोलत असेल, तर दिराला दुभाषी करू नकोस. मारहाण होत असेल तर समेटाची बोलणी थांबव. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तिला संरक्षणाचा आणि राहत्या घराचा आदेश मागता येतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि आदिवासींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेही तिला सांग.

आपल्याकडच्या गोंड-माडियांची फारकत बहुधा रूढीप्रमाणे पंचांसमोर होते. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सरसकट लागू नाही. त्या रूढीचा मान राख, पण बैठकीत बाईला बोलू दिलं का, हे जरूर विचार.

परस्परसंमतीने घटस्फोटाच्या अर्जात कायदा साधारण सहा महिन्यांची मुदत देतो. योग्य प्रकरणी न्यायालय ती माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. ही मुदत मिळाली तर ती नुसत्या तारखांत जाऊ देऊ नकोस. मूल कुठे राहील, शाळेचा खर्च कोण देईल, आजारपणात कोण धावेल, पोळा-दिवाळीला ते कुणाकडे जाईल, हे दोघांकडून ठरवून कागदावर घे. भेटीची तारीख देताना लक्षात ठेव, सिरोंच्याहून येणाऱ्यांचा सारा दिवस प्रवासात जातो. रोवणीत आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत त्यांना भेटीला बोलावलंस तर मजुरी बुडते.

"तुला आई हवी की बाबा?" असं मुलाला कधीही विचारू नकोस. आईबाप वेगळे झाले तरी मूल दोघांचंच राहतं. एकमेकांचा राग ते मुलावर काढणार नाहीत, एवढं तू घडवलंस, तर तुझं काम सार्थकी लागलं असं मी मानेन.

तुझी,
मावशी