न ओतलेलं काँक्रीट कुठं तुटणार?

प्रश्न : मुलगी सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर बीम काढते, भार टाकते आणि क्षणात निळं-हिरवं-लाल चित्र येतं. लाल तिथं धोका, असं म्हणते. पण जे काँक्रीट अजून ओतलेलंच नाही, ते कुठं तुटेल हे संगणकाला कळतं कसं? आणि कळत असेल, तर बांधकामावर आजही क्यूब कशाला भरतात?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं निम्मं उत्तर आहे. संगणकाला काँक्रीट कळत नाही, आकडे कळतात. आणि काँक्रीटबद्दलचे आकडे शेवटी क्यूब फोडूनच मिळालेले असतात.

एम-२५ काँक्रीट घ्या. १५० मिलिमीटर बाजूचा क्यूब २८ दिवसांनी यंत्राखाली ठेवला, तर दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन एवढा दाब त्यानं सोसावा, ही अपेक्षा. भाराखाली ते किती दबेल, वाकेल, यासाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात एक सोपं सूत्र आहे : २५ चं वर्गमूळ ५, त्याला ५००० नं गुणा, आले २५,०००. मुलीनं हा आकडा भरला की लॅपटॉपच्या लेखी काँक्रीट ओतून, पाणी मारून तयार! मात्र तेच मानक लगेच बजावतं, की प्रत्यक्ष मोजमाप या सूत्रापेक्षा २० टक्क्यांनी कमी-जास्त भरू शकतं. रंगीत चित्रात ही सूचना कुठंच दिसत नाही. माझ्या हातात असतं तर ती पडद्याच्या कोपऱ्यात कायमची छापली असती.

आता गणिताचं. अख्ख्या बीमचं किंवा विमानाच्या पंखाचं समीकरण एकदम सोडवणं बहुतेक वेळा अशक्यच. म्हणून त्याचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं वागणं साध्या सूत्रात बसवायचं आणि शेजारचे तुकडे सांध्यांवर एकमेकांना जोडायचे. हजारो समीकरणं तयार होतात, ती संगणक सोडवतो. आर्किमिडीजनं वर्तुळाऐवजी ९६ बाजूंची आकृती घेऊन 'पाय'ची किंमत काढली, त्याच जातीची ही युक्ती. बोइंगच्या विमानांच्या पंखांचा अभ्यास करताना टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ साली ती प्रसिद्ध केली. 'फायनाइट एलिमेंट' हे नाव बर्कलीच्या रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं.

गोम आहे ती तुकडे पाडण्यात. तुकड्यांची जाळी विरळ असेल, तुकडे वेडेवाकडे असतील, तर गणित बिनचूक होऊनही उत्तर चुकतं. नॉर्वेत याची जबर किंमत मोजावी लागली. उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर वायुक्षेत्रातल्या प्लॅटफॉर्मसाठी काँक्रीटचा प्रचंड तळ बांधला होता : सुमारे १२ मीटर व्यासाच्या २४ पोकळ नळकांड्यांचा गठ्ठा. तीन नळकांडी जिथं भिडतात तिथं मध्ये तिकोनी पोकळी उरते. ती वरून उघडी असल्यामुळे समुद्राचं पाणी आत शिरून तिच्या भिंतींवर दाब देतं. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत, वरचा डेक बसवण्याची तयारी म्हणून, हा तळ पाण्यात हळूहळू उतरवत होते. साधारण ६५ मीटर खोलीवर एक भिंत फुटली. पंपांना पाणी आवरेना. खाडीच्या बुडाशी आपटून सगळ्याचा चुराडा झाला, आणि भूकंपमापकांवर ३ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. माणसं वाचली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

चौकशीत कळलं, की नास्ट्रान या नावाजलेल्या सॉफ्टवेअरवर केलेल्या विश्लेषणात त्या तिकोनी पोकळीच्या कोपऱ्यांची जाळी नीट पाडलेली नव्हती. भिंतीवरचं कर्तन-बल, म्हणजे कातरीसारखं कापू पाहणारं बल, ४७ टक्के कमी दिसलं. त्यामुळे भिंती पातळ राहिल्या आणि काही सळया आखूड पडल्या. नंतर बारकाईनं पुन्हा केलेल्या गणितानं भिंत ६२ मीटरला फुटेल असं सांगितलं! म्हणजे पद्धत खोटी नव्हती. ती वापरताना कसूर झाली होती. ते पहिलं चित्रही नीटनेटकंच दिसलं असणार, म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

मुलीला एवढं करायला सांगा. जाळी दुप्पट बारीक करून तेच गणित पुन्हा चालवायचं. उत्तर फारसं हललं नाही तर ठीक. बरंच हललं, तर आधीच्या चित्रावर विसंबायचं नाही. दुसरं, वहीत ताळा. दोन्ही टोकांना नुसता टेकलेला ६ मीटरचा बीम, त्यावर दर मीटरला २० किलोन्यूटन भार : एकूण १२०, म्हणून दोन्ही टेकूंवर ६० - ६०, मधोमध वाकवणारं आघूर्ण २० गुणिले ३६ भागिले ८, म्हणजे ९० किलोन्यूटन-मीटर. लॅपटॉप १४० दाखवत असेल, तर भार किंवा टेकू भरताना काहीतरी चुकलंय.

राहिले तुमचे क्यूब. लॅपटॉपमधलं एम-२५ नेहमीच एम-२५ असतं. साइटवर मिक्सरमध्ये कुणी बादलीभर पाणी जास्त ओतलं, तर ते सॉफ्टवेअरला कळायची सोय नाही. २८ दिवसांनी क्यूबमधून मात्र बाहेर येतं. तेव्हा ते भरू द्या, आणि जमलं तर फोडताना मुलीला समोर उभी करा.