कर नाही त्याला डर कशाला?

प्रश्न : माझा भाचा एका पतसंस्थेत कॅशियर आहे. तिजोरीतली रोकड कमी भरली. चाव्या तिघांकडे असतात. पोलिसांनी तिघांनाही बोलावलं. साहेब म्हणाले, "खोटं पकडायच्या मशीनवर बस, एका दिवसात मोकळा होशील." भाचा तयार आहे, माझी बहीण नको म्हणते. नकार दिला तर संशय वाढणार नाही का?
– एक वाचक, सांगली जिल्हा (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : बहिणीचं ऐका. निदान वकिलाशी बोलणं होईपर्यंत भाच्याला कशावरही सही करू देऊ नका.

तो निर्दोष आहे असं मी धरूनच चालतो, आणि म्हणूनच हे सांगतो. पॉलिग्राफ नावाचं हे यंत्र खोटं मोजत नाही. छातीपोटाला बांधलेले पट्टे श्वास टिपतात, दंडावरचा पट्टा रक्तदाब आणि नाडी टिपतो, बोटांना लावलेल्या पट्ट्या घाम टिपतात. शरीर अस्वस्थ झालं एवढंच त्यातून कळतं. ते कशाने झालं, हे तपासनीस ठरवतो.

कसं ठरवतो ते बघा. एक प्रश्न मुद्दाम मोघम असतो : "कुणी विश्वासाने दिलेली वस्तू तू कधी स्वतःसाठी वापरलीस का?" दुसरा थेट : "तिजोरीतले पैसे तू घेतलेस का?" निर्दोष माणूस मोघम प्रश्नाला जास्त चाचरेल आणि दोषी माणूस थेट प्रश्नाला, असं त्यामागचं गृहीतक. आता तुमच्या भाच्याचा विचार करा. नोकरी, गावातली पत, आईची झोप, सगळं त्या दुसऱ्या प्रश्नावर टांगलेलं. "नाही" हे खरं उत्तर देतानाही त्याचं काळीज धडधडणारच. त्या वेळी कागदावर उमटणारी रेघ चोराच्या रेघेपेक्षा वेगळी असेलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही. 'कर नाही त्याला डर कशाला' हे न्याय्य जगात खरं आहे. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या मुलाला ते लावू नका.

उलट बाजूही आहे. अमेरिकेच्या सीआयएमधला अधिकारी ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत गुप्तहेरांना माहिती विकत होता, आणि त्याच काळात, 1986 आणि 1991 साली, तो या चाचणीतून पार झाला. पकडला गेला 1994 मध्ये. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2003 साली सगळा पुरावा तपासला. नेमक्या घटनेबद्दल विचारलं तर यंत्र निव्वळ अंदाजापेक्षा बरंच चांगलं चालतं, पण अचूकतेपासून खूप लांब राहतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. चूक होण्याची एवढी जागा एखाद्याच्या अब्रूसाठी मला फार मोठी वाटते.

आता कायदा. तेलगीच्या स्टॅम्प घोटाळ्याच्या तपासात 2004 साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना हरकत नाही असं म्हटलं होतं. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात चित्र पालटलं : संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग कुणावरही करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हा त्याचा पाया. बोटांचे ठसे किंवा रक्ताचा नमुना यांची गोष्ट वेगळी, ते कायद्याने घेता येतात. मनातलं काढून घेता येत नाही.

म्हणून नकार ही कबुली ठरत नाही, आणि न्यायालयाला त्यावरून दोष काढता येत नाही. साहेबांच्या मनात संशय वाढेल का? कदाचित वाढेल. तो सोसावा लागेल, पण त्या संशयाला पुराव्याची किंमत नाही.

होकाराची किंमत मात्र असते. चाचणीचा निकाल स्वतः पुरावा म्हणून चालत नाही. पण स्वेच्छेने दिलेल्या चाचणीच्या मदतीने पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर ती न्यायालयात मांडता येते. चाचणीत बोललेलं पोलिसांसमोरच्या जबाबासारखं धरलं जातं. "नुसती औपचारिकता आहे" असं कुणी म्हटलं तर हे आठवा.

भाच्याला तरीही द्यायचीच असेल, तर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची 2000 सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पाळायला सांगितली आहेत. परिणाम काय होऊ शकतात हे वकिलाने समजावून सांगायचं, संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, चाचणी स्वतंत्र संस्थेने आणि वकिलाच्या उपस्थितीत करायची. चौकीत घाबरून हो म्हटलं असलं, तरी दंडाधिकाऱ्यांसमोर "माझी इच्छा नाही" म्हणता येतं. तिथे विचारतात ते त्यासाठीच.

नकार देताना वाद घालू नये. "तपासाला सहकार्य करीन, बोलवाल तेव्हा येईन, पण ही चाचणी देणार नाही," एवढं वकिलामार्फत लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. चाव्यांची नोंदवही, त्या दिवसाचा रोजमेळ, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची मागणीही त्याच अर्जात करावी. भाच्याला सोडवणारं काही असेल तर ते तिथे सापडेल. वकील परवडत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना वकील मोफत मिळतो, आणि अटक झालीच तर उत्पन्नाची अटही राहत नाही.