खेळाचे महत्त्व

खेळ म्हणजे वेळ वाया घालवणे नव्हे. लंगडीने तोल सांभाळता येतो. सागरगोट्यांनी बोटे चपळ होतात. खो-खोत आठ गडी बसतात अन् नववा पाठलाग करतो. खो मिळाल्याशिवाय उठायचे नसते. त्यातून धीर धरायला अन् नियम पाळायला शिकता येते.

मोठ्यांनाही खेळ लागतो. आषाढी वारीत आपल्या सोलापूर जिल्ह्यात वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण होते. अश्व धावून झाले की वारकरी फुगड्या घालतात, हुतुतू खेळतात. चालून चालून पाय दुखत असतात, तरी म्हाताऱ्या आज्यासुद्धा फुगडी घालतात अन् हसतात. त्यांचा शीण निघून जातो.

पण शाळा सुटली की पोरं मैदानावर जातात अन् पुष्कळ पोरी भांडी घासतात, नाहीतर लहान भावंडाला कडेवर घेऊन खेळ बघत उभ्या राहतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो भारताच्या मुलींनीही जिंकला. त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची आहे. तिला लहानपणी खेळायला मिळाले नसते तर?

म्हणून आईबाबांनो, दिवेलागणीपर्यंत तासभर पोरींनाही खेळू द्या. आईनेही कधी आमच्याबरोबर फुगडी घालावी. भांडी मग सगळे मिळून घासू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी