खाऱ्या पाण्याची टाकी

समुद्रकांठच्या खडकांतील जीव घरीं पाळण्याची हौस आमच्यापैकीं पुष्कळांना आहे. आमच्या घरच्या पहिल्या टाकींतील जीव भुकेनें मेले नाहींत, कीं रोगानेंहि मेले नाहींत. ते आमच्या अज्ञानामुळें मेले. तें अज्ञान मिठाविषयींचें होतें, म्हणून त्याचाच विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व पाण्याची खोली ३०. म्हणजे ५४ लिटर पाणी. दिवाळीनंतर किनाऱ्यावरून पाणी आणून त्यांत दोन तारामासे, चार लहान मासे व शंखांत राहणारा एक खेकडा सोडला. टाकी उघडी, खिडकीजवळ. पाणी रोज सुमारें अर्धा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक लिटर, उतरे. आणि तितकेंच समुद्राचें पाणी आम्ही पुन्हां ओतीत असूं. समुद्रांतील प्राण्यांना समुद्राचें पाणी, यांत चूक ती कोणती? तिसऱ्या आठवड्यांत दोन्ही तारामासे गळून पडले, आणि पुढें दोन मासेहि गेले.

चूक मिठागरांत गेल्यास सहज कळती. तेथें वाफ होऊन जातें तें केवळ पाणी. मीठ मागें राहतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आम्ही रोज ३५ ग्रॅम क्षारांची भर घालीत होतों! पंधरा दिवसांत लिटरमागें ३५ ग्रॅमचे ४४ झाले. महिन्यानें ५४ झाले असते. पाणी मात्र डोळ्यांना पूर्वीसारखेंच निर्मळ दिसत होतें. तारामासे आधीं कां मेले, याचेंहि कारण आहे. मासा समुद्राचें पाणी पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, म्हणून तो कांहीं काळ टिकाव धरतो. ताऱ्यामाशाला ही शक्ति नाहीं. भोंवतालचें पाणी जितकें खारट, तितकेंच त्याच्या अंगांतील पाणीहि खारट होतें.

यास्तव उडून गेलेल्या पाण्याची भरपाई नेहमीं गोड्या पाण्यानेंच करावी. ऊर्ध्वपातित पाणी उत्तम. नळाचें असल्यास त्यांतील क्लोरिन निघून जाण्यासाठीं तें उघड्या भांड्यांत निदान एक दिवस ठेवावें. काचेवर एक रेघ ओढून रोज सकाळीं पाणी तेथपर्यंत आणावें. वर काचेचें झांकण हवा खेळेल इतकी फट सोडून ठेवल्यास वाफ पुष्कळ कमी होते. पाणी बदलावयाचें असेल तेव्हां गोष्ट निराळी: जितकें खारें पाणी काढलें तितकेंच, आणि तितकेंच खारें, घालावें.

खारटपणा मोजण्यास हायड्रोमीटर पुरतो. २५ अंश सेंटिग्रेडला समुद्राचें पाणी गोड्या पाण्याच्या सुमारें १.०२६ पट जड भरतें. नळीला चिकटलेले बुडबुडे झटकल्यावांचून आंकडा वाचूं नये. ते नळीला वर उचलतात व पाणी आहे त्याहून खारट भासतें. आंकडा चढलेला आढळला तरी एका दिवसांत खालीं आणूं नये. अशी घाई आम्हीं एकदां केली, व उरलेल्या दोन माशांपैकीं एक गमावला.

एका मापावर क्षारांचा हिशेब कसा लागतो, असें कोणी विचारील. ‘चॅलेंजर’ जहाजानें १८७२ ते १८७६ पर्यंत जगभरच्या समुद्रांतून आणलेले पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञानें तपासले. पाणी कमीअधिक खारट असलें, तरी त्यांतील मुख्य क्षारांचें परस्पर प्रमाण जवळजवळ एकच, असें त्यास आढळलें. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हींहि आलीं. म्हणून स्वयंपाकाचें मीठ विरघळवून समुद्र होत नाहीं. तयार मिश्रण मिळतें, परंतु तें वेगळ्या भांड्यांत पूर्ण विरघळवून मगच टाकींत घालावें. आमच्या कोंकणकिनाऱ्याचें पाणी आणावयाचें तर पावसाळ्यांत, आणि खाडीच्या मुखाजवळून तर मुळींच, आणूं नये. तें पावसानें पातळ झालेलें असतें.

गेल्या मे महिन्यांत गांवीं जातांना शेजारच्या मित्राला आम्हीं एवढेंच सांगितलें, ‘‘थोडें खाणें टाक, रेघ पाहा, आणि तेथवर गोडें पाणी घाल.’’ समुद्राच्या पाण्याचा डबा मात्र कुलुपांत ठेवून गेलों. जूनमध्यें परत आलों तेव्हां हायड्रोमीटरचा आंकडा जेथल्या तेथें होता, आणि खेकडा आपला जुना शंख सोडून आम्हीं टाकून ठेविलेल्या मोठ्या शंखांत राहावयास गेला होता.